मिस्त्रीणबाईचे कान

दुपारची जेवणं उरकली, की अन्नपूर्णाबाई वर्कशॉपशेजारच्या निंबाखाली बाजेवर आडव्या होत आणि डोळे मिटत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, बुढी झोपली. पण त्यांचं खरं काम डोळे मिटल्यावरच सुरू होई.

तसं डोळ्यांत आता फारसं उरलंही नव्हतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढूनही नजर परतली नव्हती, दुसऱ्याचा अजून पिकत होता. जग दुधावरच्या सायीतून बघितल्यासारखं मऊ आणि पांढुरकं झालं होतं. रस्त्यावरून लाल एसटी गेली, की कोणीतरी गुलाल उधळल्यासारखा एक ढग सरकत जाई, एवढंच. कान मात्र लख्ख होते. मेहकरकडे निघालेला ट्रक चढावर दम खाऊ लागला, की त्या पडल्या पडल्या पुटपुटत, "क्लच घासून राह्यला." एखादी मोटारसायकल किणकिणत गेली, की म्हणत, "साखळी ढिली हाये पोराची. तेल नाही, काही नाही." आणि कूस बदलत.

हे सगळं त्यांना महादेवरावांनी शिकवलं होतं. महादेवराव म्हणजे त्यांचे यजमान, दुसरबीडचे सगळ्यांत जुने मिस्त्री. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, पुढे ऑइल पिऊन पिऊन काळी चिकण झालेली जमीन, आणि आत भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, घरातल्या माणसांचा फोटो काढताना उभं करतात तसे. अन्नपूर्णाबाई हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या, तेव्हा गावात वीज नावालाच होती आणि शिवारातल्या विहिरींवर ऑइल इंजिनं चालत. संध्याकाळी महादेवराव नव्या नवरीला सायकलवर मागे बसवून इंजिन बघायला घेऊन जात. पांदीत सायकल थांबवून विचारत, "सांग बरं, हे कोनाचं?" लांबून कुठून तरी टुकटुक टुकटुक येत असे. पहिल्यांदा बाईंना सगळी इंजिनं सारखीच वाटली. मग हळूहळू त्यांना कळायला लागलं, की एक इंजिन भरल्या पोटी बोलतं, एक उपाशी बोलतं. एकाच्या बोलण्यात मधेच उचकी लागते, म्हणजे त्याचा डिझेल फवारणारा नोझल धरतोय. एक धाप टाकतं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. अंधार पडता पडता सगळं शिवार असं आपापल्या विहिरीवरून बोलत असे, आणि त्या मधोमध सायकलवर बसून ऐकत. पुढे कित्येक वर्षं झोप लागताना त्यांना ती इंजिनं ऐकू येत. अजूनही येत. आता विहिरींवर मोटारी आल्या आहेत, त्या नुसत्या भुणभुणतात. आणि त्याच्याही पलीकडे समृद्धी महामार्गाची गाज, नदीला पूर आला असावा अशी, पण पाणी नसलेली.

महादेवरावांचा नियम होता. आधी कान, मग हात, मग पाना. गाडी आली की ते लगेच हात लावत नसत. ती चालू ठेवायला सांगत, भोवती एक फेरी मारत, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर ठेवून त्याची मूठ कानाला लावत, आणि डॉक्टरसारखे डोळे बारीक करत. "यंत्र खोटं बोलत नाही," म्हणत, "माणूस बोलतो. मालक म्हनन का मी कालच ऑइल बदललं. इंजिनाले इचारा."

आणि मग त्यांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिटी गेली, मग फोनची घंटी. संग्रामपूरला दिलेली लेक, संजीवनी, फोनवर ओरडून ओरडून दमे, आणि ते इकडे "हाव, हाव" म्हणत राहत. मग माणसं गेली. सगळ्यांत शेवटी इंजिनं गेली. तालुक्याच्या डॉक्टरने कानात बसवायचं यंत्र दिलं, पण त्यातून म्हणे सगळंच पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं येई. महादेवरावांनी ते काढून खिळ्याला टांगलं, पान्यांच्या ओळीत शेवटी.

धंदा मात्र थांबला नाही. बाजेवरून उठून अन्नपूर्णाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागल्या. इंजिन ठोकत असेल, तर त्या त्यांच्या मनगटावर बोटाच्या पेराने ठोकत, त्याच तालात. बेल्ट चिरकत असेल, तर तळहातावर नखाने रेघ ओढत. बेअरिंग घरघरत असेल, तर मूठ त्यांच्या पाठीवर हळू गोल फिरवत. ते मान हलवत आणि नेमका पाना उचलत. शिवाय महादेवरावांनी एक नवी युक्ती काढली होती. पेचकसाची मूठ कानाला लावण्याऐवजी ते आता दातांत धरत. इंजिन कवटीतून ऐकू येतं म्हणे. गिऱ्हाइकांना गंमत वाटे. म्हातारा इंजिन खाऊन राह्यला, म्हणत.

पण घरात यायचं झालं, की ती बोटांची भाषा बाहेरच राही. जेवायला बसल्यावर कशाची खूण करायची? आमटीत मीठ जास्त झालं, याला काय करायचं? महादेवराव स्वतःहून बोलेनासे झाले होते. पूर्वी दिवसभर बडबडणारा माणूस. दोघांचं जे काही बोलणं उरलं होतं, ते इंजिनाच्या बोलण्याच्या आडून, मनगटावर आणि पाठीवर. अन्नपूर्णाबाईंना ते पुरत होतं. रोज कोणीतरी बिघडलेलं काहीतरी घेऊन येवो, एवढंच त्या देवाजवळ मागत, आणि मग आपल्याच मागण्याचं त्यांना हसू येई.

दसरा झाला आणि शेजारच्या वावरात गोकुळच्या सोयाबीनची मळणी सुरू झाली.

गोकुळचं वावर वर्कशॉपच्या कुंपणाला लागूनच. सोयाबीनची सुडी रचलेली, तिच्याजवळ मळणीचा हडंबा उभा केलेला, आणि त्याला पट्टा लावून गोकुळचा जुना ट्रॅक्टर. ट्रॅक्टर सुरू झाला, की हडंबा धडधडायला लागे, भुस्सा आकाशात उडे, आणि बाजेवर पडलेल्या बाईंच्या सायीच्या जगात सोनेरी धूर पसरे. मजूर पेंढ्या टाकत, दाणे सळसळत पोत्यात पडत. चांगलं अर्धं पोतं भरत आलं, की ट्रॅक्टरचा आवाज बारीक होई. खोकल्यासारखं करी. दोनदा उठायचा प्रयत्न करी, आणि बंद.

मग गोकुळ टाकीचं झाकण उघडून डिझेल बघे. डिझेल असे. मजूर तंबाखू चोळत बसत. चहा पिऊन झाला, की गोकुळ पुन्हा किल्ली फिरवी, आणि ट्रॅक्टर काही झालंच नाही अशा थाटात सुरू होई. पुन्हा अर्धं पोतं. पुन्हा बंद.

"माह्या लेकरावानी हाये हा, काकाजी," गोकुळ कुंपणाजवळ येऊन म्हणाला. महादेवरावांना ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं, पण काकाजींशी बोलायची सवय कशी जाणार. "शहरात मोठ्या गॅरेजात नेला. त्यायनं फिल्टर बदलले, पंप तपासला, नोझल पाह्यले. तथी दिवसभर उभा ठेवून चालवला, त शहान्यासारखा चालला. वावरात आनला का रुसते."

"कधीपासून करून राह्यला असा?" बाईंनी बाजेवरूनच विचारलं.

"खंडेनवमीपासून. इथंच त उभा व्हता पूजेले, तुमच्या दारात. काकू, खरं सांगा, पूजेत काही कमी-जास्त केलं का? नारळ नासका गिसका?"

"नारळ चांगला व्हता. अर्धं खोबरं त तूच खाल्लं बे."

गोकुळ हसला. खंडेनवमीला दुसरबीडमधली बरीच यंत्रं वर्कशॉपसमोर येऊन उभी राहत, ही या दाराची जुनी रीत. त्या दिवशी पाना उचलायचा नाही, कोणाचं काही खोलायचं नाही. पाने घासून पाटावर मांडायचे, आणि मिस्त्रीणबाईने प्रत्येक यंत्राला आपल्या हाताने कुंकू लावायचं. यंदा बाईंनी थोडी जास्तच हौस केली होती. दरवर्षी कोरडं कुंकू रस्त्यावरच्या ट्रकांच्या वाऱ्याने उडून जाई, म्हणून त्यांनी शेंदूर तिळाच्या तेलात चांगला घट्ट कालवून घेतला होता, वर अक्षता दाबल्या होत्या. गोकुळच्या बायकोने, पुष्पांजलीने, ताट धरलं होतं. "कशी नवरीवानी दिसते काकू गाडी," असं ती म्हणाली होती, ते बाईंच्या लक्षात होतं. दिसली मात्र त्यांना नुसती एक लाल सावली.

महादेवराव कुंपण ओलांडून गेले.

त्यांनी ट्रॅक्टर चालवायला लावला, पेचकस इंजिनावर टेकवून मूठ दातांत धरली, आणि बाई शेजारी उभ्या राहून मनगटावर आवाज वाजवू लागल्या. आधी चांगला, भरदार. मग बारीक. मग खोकला. मग काहीच नाही. महादेवरावांनी मूठ तोंडातून काढली. खूप दिवसांनी ते बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार मोठा, कधी फार हळू येई. या वेळी हळूच आला.

"इंजिन निरोगी हाये. त्याले जेवन पोचत नाही."

म्हणजे डिझेल पोचत नाही. मग ते डिझेलच्या वाटेने निघाले. टाकीखालचा नळ खोलला, आतली जाळी धुतली. नळ्या काढून तोंडाने फुंकल्या. फिल्टर नवे होते, तरी काढून बघितले. मग वरचा पेच ढिला करून हाताच्या पंपाने एअर काढली. फसफस बुडबुडे येतात, ते थांबून स्वच्छ डिझेलची धार लागली की पेच आवळायचा. गोकुळने बघत बघत विचारलं, की हे घरी करता येतं का, तर त्यांनी त्याचा हात धरून त्याच्याकडूनच करून घेतलं. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल भुश्श्याने चिखल झालं होतं, तेही बदललं. मळणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी बघायचं, असं त्यांनी बोटाने सूर्य बुडताना दाखवून सांगितलं. रेडिएटरच्या जाळीत काड्या अडकल्या होत्या, त्या आतल्या बाजूने बाहेर फुंकून काढल्या. बाहेरून आत फुंकलं तर घाण आणखी घट्ट बसते.

ट्रॅक्टर सुरू झाला. सगळे खूश झाले. अर्धं पोतं भरलं, आणि तो बंद पडला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आभाळात ढग यायला लागले होते, सुडीवर ताडपत्री टाकावी लागली. गोकुळ सारखा आभाळाकडे बघत होता. महादेवराव संध्याकाळी हात धुऊन परत आले, आणि शेडमध्ये बसले. बाई चहा घेऊन गेल्या, तर त्यांना तो वास आला.

जाड ऑइलचा वास. महादेवराव भिंतीवरचे पाने एकेक करून उतरवत होते, चिंधीने त्यांना जाड ऑइलचा थर देत होते, आणि कापडात गुंडाळत होते.

बाई चहाची कपबशी धरून तशाच उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी हौसेने नवऱ्याच्या पान्यांना असं ऑइल फासून ठेवलं होतं, गंज चढू नये म्हणून. तेव्हा ते हसले होते. "अवं, रोज वापरायच्या पान्याले ऑइल नाही लावत. हातातून निसटते. हाताचा घाम आन् कापडाचा पुसा, हेच त्याचं तेल. ऑइल लावायचं ते ठेवून द्यायच्या पान्याले."

ठेवून द्यायच्या पान्याला.

बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या मनगटाला हात लावला. काय खूण करावी ते सुचेना. इंजिनाच्या कुठल्याच आवाजात हा प्रश्न बसत नव्हता. महादेवरावांनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "ऐकू न येनारा मिस्त्री कशाले पायजे लोकायले. गोकुळचं सोयाबीन भिजन माह्यापायी. उद्या त्याले सांगतो, दुसरा कोनी बोलाव."

त्या रात्री घरात भांड्यांचा तेवढा आवाज झाला. सकाळी शेडच्या भिंतीवर नुसते खिळे दिसत होते, आणि शेवटच्यावर ते कानाचं यंत्र.

गोकुळने दुसरा मिस्त्री लगेच काही आणला नाही. जमेल तसं, अर्धं अर्धं पोतं करत त्याने काम चालू ठेवलं. दुपारी बाई बाजेवर आडव्या झाल्या. महादेवराव शेडच्या उंबऱ्यात बसले होते, रिकाम्या हातांनी, आणि ते रिकामे हात बाईंना सायीतूनही दिसत होते. म्हणून त्यांनी डोळे मिटले.

हडंबा धडधडत होता. निंबाची पानं सळसळत होती की दाणे, ते कळत नव्हतं. पडल्या पडल्या बाई त्या आवाजाच्या खाली खाली उतरत गेल्या, विहिरीच्या पायऱ्या उतरावं तशा, आणि तळाशी जुनं शिवार होतं. टुकटुक, टुकटुक. कोणाचं गं हे? सायकलच्या कॅरिअरवर त्या बसल्या होत्या आणि मांडीवर गोडेतेलाचा नवा डबा होता. मग सायकल नव्हती, चूल होती. डबा चुलीजवळ होता. त्यांनी खिळ्याने त्याला भोक पाडलं होतं आणि डबा वाकडा केला होता. तेल आलं. थोडं आलं. डब्याने एक गुटकळी घेतली, गुडुक, आणि तेल थांबलं. पुन्हा हलवलं, पुन्हा थोडं. गुडुक. सासूबाई कढईशी थांबल्या होत्या आणि नवी नवरी घामाघूम झाली होती. मागून एक काळा, ऑइलचा वास येणारा हात पुढे आला आणि त्याने डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. आणि तेलाची धार लागली, न तुटणारी, सोन्याच्या तारेसारखी. "एक भोक तेलाले," कोणीतरी कानाशी म्हणालं, अगदी तरुण आवाजात, "एक वाऱ्याले. वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर कसं येईन, अवं?"

खोकल्याने त्या जाग्या झाल्या. खोकला ट्रॅक्टरचा होता. दोनदा उठायचा प्रयत्न, आणि बंद. हडंबा फिरत फिरत थांबला. मजूर पाणी प्यायला ताडपत्रीकडे गेले. सगळं कसं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत कुंपणापलीकडे गोकुळने डिझेल बघायला टाकीचं झाकण फिरवलं.

सुस्स.

इतका बारीक आवाज. झोपेतलं मूल श्वास आत ओढतं तसा. बाहेर नाही, आत. एरवी हडंब्याच्या धडधडीत, मजुरांच्या बोलण्यात तो कधीच ऐकू आला नसता. पण बाई अजून अर्ध्या त्या तळाशीच होत्या, तेलाच्या डब्यापाशी.

त्या उठून बसल्या. "गोकुळ, झाकण लाव परत. चालव पुन्हा. बंद पडला का झाकनाले हात लावू नको. मी येते तथी."

"काकू, तुमी—"

"चालव म्हनते ना बे."

त्यांनी शेडच्या उंबऱ्याशी जाऊन महादेवरावांचा हात धरला. ते उठेनात. त्यांनी ओढला. लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं ओढलं नव्हतं, म्हणून असेल, ते उठले. कुंपण ओलांडताना कोण कोणाला सांभाळत होतं हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. दोघं ट्रॅक्टरजवळ उभे राहिले. अर्धं पोतं भरलं. आवाज बारीक झाला, खोकला आला, इंजिन बंद झालं.

बाईंनी पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं, त्याने नवऱ्याची बोटं ओली केली आणि बोनेटवरच्या टाकीच्या झाकणाच्या कडेवर ठेवली. दुसऱ्या हाताने फिरवायची खूण केली.

महादेवरावांनी झाकण फिरवलं. आणि थांबले. इतके दिवस झाकण उघडायचं काम गोकुळच करत होता. मिस्त्री टाकीपासून खाली बघत होते, डिझेल जिकडे जातं तिकडे. आता झाकण फिरताना त्यांना ते आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं लागलं. त्यांनी आणखी थोडं फिरवलं, आणि ओल्या बोटांवरून गार वारा आत गेला.

ते खाली वाकले. झाकण डोळ्यांजवळ नेलं. झाकणाच्या मधोमध, अगदी कपाळावर लावावं तसं, शेंदराचं वाळून दगड झालेलं बोट होतं, वर अक्षता. त्याच्या खाली कुठेतरी सुईएवढं भोक होतं, वारा आत जायचं.

ते हसायला लागले. आधी आवाजच आला नाही, नुसते खांदे हलले. मग आवाज आला, आणि तो त्यांना वाटत होता त्यापेक्षा फार मोठा आला, कारण ताडपत्रीजवळचे मजूर वळून बघू लागले.

"अवं, नाक बुजवलं तू त्याचं," महादेवराव म्हणाले. "दरसाल सांगतो ना मी, नाक सोडून टिळा लाव. इथं त्याचं नाक हाये."

खरंच सांगत. दर खंडेनवमीला बाईंचं बोट धरून ते खाली सरकवत आणि म्हणत, नाक सोडून. बायकोची चेष्टा करायची म्हणून म्हणतात, असंच बाईंना वाटे.

गोकुळ झाकण हातात घेऊन बघतच राहिला. "मोठ्या गॅरेजातल्या पोरानं झाकन कडेकडेनं धरून उघडलं व्हतं, काकू. मले म्हने, पूजेचं कुंकू हाये, पुसलं नाही पायजे. अन् डिझेल भरल्यावर त्यानं झाकन नुसतं वर ठेवलं, आवळलं नाही, म्हनून तथी दिवसभर चालला. मीबी रोज कडेनंच धरत व्हतो."

"कोन पुसन," बाई म्हणाल्या. "पूजेचं कोनी पुसते का."

पण त्यांनी लावलं होतं, तेव्हा पुसायचा अधिकार त्यांचा होता. त्यांनी पदराला थोडं डिझेल लावलं आणि शेंदराचा थर चोळून काढला. भोकात अडकलेला काढायला महादेवरावांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग त्यांनी बायकोच्या मनगटाकडे हात नेला. बांगडीला अडकवलेली पिन त्यांनी काढून घेतली, न विचारता, तिने ती पिन आयुष्यभर याच कामासाठी बांगडीला अडकवली असावी अशा सहजतेने. भोकात घालून फिरवली. तोंडाने फुंकलं. झाकण आभाळाकडे धरून डोळा लावला. मग बाईंच्या डोळ्यासमोर धरलं. त्यांना त्या सायीच्या जगात एक ठिपका दिसला, बारीक, पण उजेडाचा.

बाईंनी नवऱ्याच्या हाताला धरून त्याला आपल्याकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून. "दरसाल सांगत व्हते. मंग यंदा काऊन नाही सांगितलं?"

महादेवरावांनी ते ओठांवरून वाचलं. पिन बोटांत फिरवली.

"माहा आवाज मलेच येत नाही," ते म्हणाले. "मले वाटे, बाहीर येतच नसन. मंग बोलून काय करू."

"येते," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात उचलून त्याच्याच गळ्यावर ठेवला आणि तो तिथे दाबून धरला. "बोला. येते म्हनून सांगते ना. मले येते."

ढग अजून होते, पण पाऊस आला नाही. ट्रॅक्टर सुरू झाला. अर्धं पोतं भरलं, मग पूर्ण, मग दुसरं. महादेवराव गोकुळच्या शेजारी उभे राहून बोलत होते. कधी फार मोठ्याने, कधी फार हळू. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघ, बोटाच्या पेराएवढाच आत गेला पायजे. मळणीत रोज ग्रीस भर, आधी निपलवरची माती पूस, मग ग्रीसचा पंप लाव, नाहीतर मातीच भरशीन. डिझेलचं पीप हलवून लगेच ओतू नको, गाळ खाली बसू दे. झाकन बाहीरून धू, पन भोकात पाणी जाऊ देऊ नको. गोकुळ मान हलवत होता. मधेच त्याने कुंपणाकडे बघून डोळा मिचकावला, म्हणाला, "काकू, आता काकाजीले थांबवन कोन?"

दिवाळीच्या आधी बाईंना झाकणाला पुन्हा टिळा लावायचा होता, नाक सोडून. पण तो नंतर. आधी त्या शेडमध्ये गेल्या, कापडात गुंडाळलेले पाने बाहेर काढले, आणि निंबाखाली बाजेवर मांडून बसल्या. जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेतला. जाड ऑइल असं लवकर निघत नाही. पहिल्यांदा कापड काळं होतं, मग बोटं, आणि मग कुठे लोखंड कोरडं, गार लागतं, हाताला ओळखीचं.

कुंपणापलीकडून महादेवरावांचा आवाज आला. "अवं, चवदाचा पाना आन."

त्यांनी चौदाचा पाना पुसायला घेतला. हडंबा धडधडत होता, भुस्सा उडत होता, आणि त्यांच्या सायीच्या जगात सगळं वावर सोनेरी झालं होतं. त्या आवाजाखाली, खूप खाली, एक इंजिन टुकटुकत होतं. कोणाचं ते त्यांना माहीत होतं. पाना चांगला कोरडा झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.